राष्ट्रीय उत्पन्नात न मोजलेली शुश्रूषा

राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकविताना अर्थशास्त्राचे अध्यापक एक जुने उदाहरण हमखास देतात. ए. सी. पिगू या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते मांडले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच राहते, फक्त वेतन थांबते. वर्गात हशा पिकतो आणि अध्यापक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. प्रस्तुत लेखकही अठरा वर्षे असाच वळत आला. चार वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. तेव्हापासून या उदाहरणातील विनोद मला दिसेनासा झाला.

अकराव्या दिवशी रुग्णालयाने आईला घरी पाठविले. हातात औषधांची यादी आणि पंधरा दिवसांनी दाखविण्याची सूचना, एवढेच होते. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला शय्याव्रण होतात; भरविताना ताठ बसवावे लागते, नाही तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो; उठविताना लुळा हात ओढायचा नसतो, कारण खांदा निखळतो. यांतले बरेचसे आम्ही चुका करून शिकलो. त्या चुकांची किंमत आईने मोजली.

कोणी सोडावयाचे?

माझी पत्नी एका विनाअनुदानित प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आमच्या गावी बारा तासांसाठी येणाऱ्या मदतनीस बाईचा पगार तिच्या पगाराहून अधिक निघाला. हिशेब सरळ होता. जिचा पगार कमी, तिने नोकरी सोडावी. वैकल्पिक खर्चाचा सिद्धान्त मी वर्गात शिकवितो तो असाच. परंतु स्त्रियांचे वेतन कमी असण्याचे एक कारण घरच्या गरजेसाठी त्यांनी नोकरी सोडावी ही अपेक्षा आहे, आणि ती सोडण्याचे कारण पुन्हा कमी वेतन आहे, हे चक्र त्या हिशेबात येत नाही. तिला विचारून निर्णय घेतला, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. शेजारीपाजारी ‘सून असावी तर अशी’ म्हणून कौतुक करून गेले. एक रात्र आईजवळ बसतो, असे म्हणणारा मात्र विरळा.

ही एका घराची कहाणी नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ मधील वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपनात व शुश्रूषेत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रिया या कामी दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे देत होत्या, तर पुरुष ७४. यात मुलांचे संगोपनही आले, हे खरे. पण भार कोणाच्या खांद्यावर आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

खर्च वाचत नाही, सरकतो

रुग्णाला लवकर घरी पाठविल्याने रुग्णालयाची खाट मोकळी होते आणि काटकसर झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात खर्च नाहीसा होत नाही. तो रुग्णालयाच्या वहीतून निघून घरातील एका व्यक्तीच्या आयुष्यावर चढतो. घरच्यांनाच शिकवून तयार केले तर काम भागेल, अशी एक आशा होती. तिची कसोटी आपल्याच देशात लागली. देशातील १४ केंद्रांत १,२५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबीयांना व्यायाम व शुश्रूषेचे खास शिक्षण दिले होते, त्यांचे रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेणारे रुग्ण यांत सहा महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होते. कुटुंबाची सेवा व्यर्थ आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या सेवेविना आई जगली नसती. परंतु माया हा प्रशिक्षित हातांना पर्याय होऊ शकत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागेल.

आपला कायदा मात्र कर्तव्याबाबत दक्ष आणि साह्याबाबत संकोची आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आमच्या घरापर्यंत तो पोहोचला नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते, ती योग्यच आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी अशी स्वतंत्र रजा नाही.

मग करावयाचे काय? वाट नवी शोधावयाची नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशा कार्यकर्तीने ४२ दिवसांत सहा भेटी द्याव्यात, अशी व्यवस्था आपल्याकडे आहेच. केरळात २००८ च्या धोरणानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साह्याने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत प्रशिक्षित साहाय्यकाच्या ठरावीक भेटी, तालुक्याच्या रुग्णालयात भौतिकोपचार आणि मुलगा-मुलगी दोघांनाही घेता येईल अशी शुश्रूषा रजा, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न विचारला जाईल. तो खर्च आजही होतच आहे. केवळ तो करणारीला कोणी विचारीत नाही.

सेवेचा हिशेब मांडणे म्हणजे मायेचा बाजार करणे, असाही आक्षेप येईल. शिक्षक पगार घेतो म्हणून त्याची विद्यार्थ्यांवरील माया कमी होते काय?

आई आता काठीच्या आधाराने ओसरीपर्यंत येते, चार-दोन शब्द बोलते. पत्नीची जागा शाळेने केव्हाच भरली. तिच्या या चार वर्षांची नोंद देशाच्या कोणत्याही जमाखर्चात नाही. निदान आपापल्या घरच्या जमाखर्चात तरी ती करावयास आपण कधी आरंभ करणार?