तिसरा आठवडा

दात आणि आपण : भाग ११

इम्प्लांट बसवून घरी येणाऱ्या माणसाच्या हातात एक कागद असतो. कापसाचा बोळा किती वेळ दाबायचा, बर्फ कधी लावायचा, कोणती गोळी केव्हा घ्यायची, टाके कधी काढायचे, हे सगळे त्यावर लिहिलेले असते. सात ते दहा दिवसांत टाके निघाले की तो कागद बहुधा केराच्या डब्यात जातो. सूज चौथ्या दिवसापासून उतरू लागलेली असते, आठवडाभरात दुखणेही जवळजवळ संपते, आणि मग शीव स्टेशनाबाहेर एखादा कुरकुरीत समोसा खायला काय हरकत आहे, असे वाटू लागते. शस्त्रक्रियेच्या खुर्चीत काय घडते ते मागच्या भागात पाहिले. या भागात सांगायचे आहे ते असे, की इम्प्लांटच्या बाबतीत दुखणे हे फार बेभरवशाचे घड्याळ आहे. ते हिरडीची वेळ सांगते. हाड त्याच्या वेळेने चालत नाही, आणि घरची काळजी घ्यायची ती हाडाची वेळ पाहून.

इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवताना त्यासाठी पाडलेले भोक स्क्रूपेक्षा किंचित अरुंद ठेवतात. पहिल्या दिवशी स्क्रूला धरून ठेवते ती एवढीच पकड, भिंतीत पिळलेल्या स्क्रूसारखी. पण भिंत निर्जीव असते. जबड्यात, भोक पाडताना दुखावलेले आणि दाबले गेलेले हाड शरीर काही दिवसांत कुरतडून काढायला घेते आणि त्या जागी नवे रचू लागते. काढण्याचे काम लवकर होते, नवे हाड पक्के व्हायला वेळ लागतो. त्यामुळे जुनी पकड सैल झालेली आणि नवी अजून यायची आहे, असा एक मधला काळ येतो. स्क्रूचे स्थैर्य आठवड्यागणिक कंपनांनी मोजणाऱ्या अभ्यासांत हा खड्डा साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास दिसतो. भुसभुशीत हाडात, म्हणजे बहुधा वरच्या जबड्याच्या मागच्या भागात, तो जास्त खोल असतो. या दिवसांत स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून, म्हणजे जाडसर केसाच्या रुंदीहून, अधिक हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय आवरण तयार होण्याचा धोका असतो. शीव स्टेशनाच्या नावातले 'शीव' म्हणजे हद्द. इंग्रजांची मुंबई आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्या हद्दीवर पहारा ठेवायला सतराव्या शतकात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला गेला. हाड आणि धातू यांच्यामध्ये मात्र अशी कुठलीच शीव उरता कामा नये. ती मिटते तीच दुखणे थांबल्यानंतरच्या आठवड्यांत.

यावर पहिला आक्षेप जाहिरातीतून येतो : आता तर एका दिवसात दात बसतात, मग हे आठवडे मोजायचे कशाला? आक्षेप पोकळ नाही. पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने १९६५ मध्ये येस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्यानंतरची त्याची शिस्त अशी होती, की खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने स्क्रूवर भार टाकायचाच नाही. लार्सनचे इम्प्लांट २००६ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, टिकले. पुढे स्क्रूचे पृष्ठभाग खरखरीत केले गेले, हाड लवकर धरू लागले, आणि थांबायचा काळ पुष्कळ घटला. पण एका दिवसातले दात कोणाला बसवतात, तेही पाहायला हवे. हाड घट्ट असेल, स्क्रू बसवतानाच पुरेसा जोर लागला असेल, तरच. एकच दात असेल तर तात्पुरती कॅप मुद्दाम बुटकी ठेवतात, समोरच्या दाताला ती टेकूच नये म्हणून. पूर्ण जबड्यात चार किंवा अधिक स्क्रू एका पट्टीने बांधून टाकतात, एकटा कोणी हलू नये म्हणून. आणि एवढे करूनही हे डॉक्टर रुग्णाला काही आठवडे मऊच खायला सांगतात. म्हणजे दात दिसायला लवकर आला, हाडाने आपले वेळापत्रक काही बदललेले नाही.

पहिल्या तीन दिवसांबद्दल फार लिहायची गरज नाही, तो कागद बरोबरच असतो. पहिले चोवीस तास जोरात थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने पिऊ नये, कारण जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते. चहा कोमट करून प्यावा. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर वीस मिनिटे धरायचा, वीस मिनिटे काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात आणि सांगितला असेल तर क्लोरहेक्झिडीनचा माउथवॉश वापरावा. त्याने, विशेषतः चहा पिणाऱ्यांच्या, दातांवर तपकिरी डाग पडतात. ते दवाखान्यात निघतात. लवंगेचे तेल किंवा हळद जखमेत भरू नये : तेल उघड्या मांसाला झोंबते आणि पूड टाक्यांत अडकते. अँटिबायोटिकबद्दल एक गोष्ट कमी बोलली जाते. शस्त्रक्रियेच्या तासभर आधी घेतलेल्या अमॉक्सिसिलिनच्या एका मोठ्या डोसाने अपयश कमी होते, असे २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. नंतरच्या दिवसांतल्या गोळ्यांचा फायदा इतका स्पष्ट नाही. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करावा, पण केमिस्टकडून आणखी आठवड्याच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत.

खरी परीक्षा त्यानंतरची. खाणे मऊच ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूने चावायचे : वरण-भात, मुगाची खिचडी, ताक-भात, किंग्ज सर्कलला मिळते तशी इडली, उकडलेले अंडे. चकली, चिवडा, सुके बोंबील, ऊस हे दोन-अडीच महिने लांब. जुनी काढता येणारी कवळी त्या जागी दाबत असेल तर ती घासून घेतल्याशिवाय घालू नये. हिरडीला कळत नाही, पण कवळीचा दाब स्क्रूवर दर घासाला पडतो. झोपेत दात खाणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. मधुमेह असेल तर साखर याच आठवड्यांत काबूत हवी.

दुसरा आक्षेप असा, की नव्वद टक्क्यांहून अधिक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही टिकतात, मग एवढा धाक कशाला? सरासरी खरीच आहे. पण ती सगळ्यांना सारखी वाटलेली नसते. धूम्रपान करणाऱ्यांत अपयशाचे प्रमाण साधारण दुप्पट आढळते, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि नव्या हाडाला रक्ताची गरज असते. आपल्याकडे सिगारेटपेक्षा मोठा प्रश्न तंबाखू चघळण्याचा आणि मिश्रीचा आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातला साधारण दर चौथा प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरत होता. मिश्री तर दात घासायला म्हणूनच लावतात. म्हणजे निकोटिन आणि बोटाचा दाब, दोन्ही थेट जखमेवर. 'टाके निघाले, आता थोडी लावते' हा हिशेब नेमका तिसऱ्या आठवड्यात येऊन पडतो.

दाबूनही रक्त थांबत नसेल आणि दवाखाना बंद असेल, तर रात्री शीव रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो. भूल उतरून दुसरा दिवस उजाडला तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर त्याच दिवशी फोन करावा. नसेवर दाब आला असेल तर तो लवकर काढणे गरजेचे असते. चौथ्या दिवसानंतर सूज पुन्हा वाढली किंवा पू दिसला, तरी थांबू नये. आणि काही हलल्यासारखे वाटले, तर स्क्रूच्या तोंडावर बसवलेली टोपी सैल झाली आहे की खालचा स्क्रू, हे घरी कळत नाही. टोपी असेल तर खुर्चीत दोन मिनिटांचे काम. ती बोटाने पिळून घट्ट करायला जाऊ नये, कारण तिच्याबरोबर स्क्रूही फिरू शकतो. स्क्रूच सैल झाला असेल, तर तो दुखेलच असे नाही.

पुढच्या भागात : कॅप बसल्यानंतरची सफाई.