अडचणीच्या वर्षी घरची डाळ, घरची भाजी


१९७२ च्या दुष्काळात पैसा देऊनही धान्य मिळणे कठीण झाले होते. बाहेरून आलेली मिलो खाऊन दिवस काढल्याचे गावातील वडीलधारी मंडळी आजही सांगतात. आताची अडचण वेगळी आहे. दुकानात माल आहे, पण हातात रोकड नाही. सोयाबीन, कापसाला भाव मिळाला नाही किंवा पाऊस फिरला, की देणेकऱ्यांसाठी घरची तूरही काढणीबरोबर विकली जाते. पुढे श्रावणात तीच तूर डाळ होऊन दुकानातून उधारीवर घरी येते. म्हणून माल बाजारात नेण्यापूर्वी घरचा वाटा बाजूला काढावा.

घरचा वाटा किती?
पाच माणसांच्या कुटुंबात माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरल्यास वर्षाला सुमारे ९० किलो डाळ लागते. त्यासाठी साधारण सव्वा क्विंटल तूर ठेवावी. माणशी ३०० ग्रॅम धान्य धरल्यास वर्षाला साडेपाच क्विंटल ज्वारी लागते. रेशनचे धान्य मिळत असल्यास तेवढे वजा करावे. सोयाबीनमध्ये ४:२ ओळींचे तुरीचे आंतरपीक घेतल्यास डाळीची सोय त्याच रानात होते.

साठवण
भुंग्याची मादी शेतातच पक्व शेंगांवर अंडी घालते. त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या तुरीतही कीड असू शकते. तूर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. दाताखाली दाणा कट्कन फुटला म्हणजे वाळला असे समजावे. कडधान्यातील ओलावा ८ ते १० टक्के, तर ज्वारीतील १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. धान्य थंड झाल्यावरच कोठीत भरावे, गरम भरल्यास आत घाम धरतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. अख्ख्या तुरीपेक्षा डाळीला भुंगा कमी लागतो, म्हणून बरीचशी तूर उन्हाळ्यातच भरडून घ्यावी. अख्खी ठेवायची असल्यास किलोला ५ मि.लि. खाद्यतेल चोळावे.

राहत्या घरात धान्यासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कदापि वापरू नयेत. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. तसेच औषध लावलेले बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळू देऊ नये.

परसबाग
घरामागे अर्धा गुंठा जागा असली तरी पुरे. पावसाळ्यात गवार, भेंडी व चवळी घ्यावी. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर लावावी. कुंपणावर दोडका, कारले व दुधी चढवावेत. शेवग्याची दोन झाडे व एक लिंबू असावे. शेवगा कमी पाण्यावर तग धरतो आणि त्याचा पालाही भाजीला चालतो.

मेथी एकदाच सर्व वाफ्यांत न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. ती २५ ते ३० दिवसांत काढणीस येते, त्यामुळे ताजी भाजी चालू राहते. न्हाणीचे पाणी केळी व अळूला द्यावे. साबणाचे पाणी पालेभाज्यांवर सोडू नये. उन्हाळ्यात पाणी कमी असल्यास सर्व वाफे जगविण्याच्या नादी न लागता शेवगा व लिंबू सांभाळावे.

वाळवण
हिवाळ्यात भाजी उतू जाते आणि मे महिन्यात मिळत नाही. जादा भाजी फेकून न देता वाळवावी. कोवळी गवार उकळत्या पाण्यात तीन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावी, निथळून स्वच्छ कापडावर उन्हात पसरावी. वरून पातळ कापड झाकावे, म्हणजे धूळ व माश्या बसत नाहीत. मेथी निवडून सावलीत वाळवावी, म्हणजे रंग टिकतो. कैरीच्या फोडी वाळवून आमचूर करावे, मटकी व मुगाचे सांडगे घालावेत. वाळवणात 'क' जीवनसत्त्व बरेच कमी होते, म्हणून जेवणात लिंबू असू द्यावे.

कडकडीत वाळलेली भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. आठ दिवसांनी डबा उघडून पाहावा आणि भाजी सर्दावलेली वाटल्यास पुन्हा ऊन द्यावे. बुरशी आलेली भाजी किंवा भुईमुगाचे दाणे धुऊन, भाजूनही खाऊ नयेत. बुरशीचे विष त्याने जात नाही. लोणच्यावर बोटभर तेल असावे व ओला चमचा घालू नये.

एवढ्याने कर्ज फिटणार नाही, हे खरे. परंतु रोजच्या डाळ-भाजीसाठी जाणारा पैसा थांबतो आणि घरातील लेकरांच्या ताटात वरण-भाजी राहते. देणेकऱ्याशी बोलताना घरात वर्षाचे धान्य असले म्हणजे मिळेल त्या भावाने माल काढण्याची घाई करावी लागत नाही. तरी येत्या हंगामात पहिले पोते विकण्यापूर्वी घरातील सर्वांनी, विशेषतः स्वयंपाक सांभाळणाऱ्या भगिनींनी, एकत्र बसून वर्षाचा हिशेब मांडावा आणि तेवढी पोती वेगळी काढून ठेवावीत.