काळ्या वर्तुळांवर गोरा कन्सीलर का फसतो?

लग्नाचा अल्बम हातात येतो आणि नवरी हिरमुसते. मांडवात सगळ्यांनी वाखाणलेला चेहरा फोटोत भलताच दिसत असतो. गाल, कपाळ, हनुवटी गव्हाळ आणि डोळ्यांखाली मात्र राख फासल्यासारखे दोन करडे पट्टे. काळी वर्तुळे झाकायला लावलेला कन्सीलरच वर्तुळांपेक्षा जास्त उठून आलेला असतो. फोटोग्राफरला बोल लावून उपयोग नसतो, आणि कन्सीलर महागातला असला तरी हे घडते. काळे झाकायचे म्हणजे त्यावर दोन शेड गोरे काहीतरी लावायचे, हा हिशेबच मुळात चुकलेला असतो.

तो का चुकतो हे कळायला कन्सीलरच्या ट्यूबमध्ये डोकवावे लागते. त्वचेच्या रंगाची बहुतेक प्रसाधने चार भुकट्यांच्या कमी-जास्त मिश्रणातून तयार होतात : टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा आणि लोहाच्या ऑक्साइडचे पिवळा, तांबडा व काळा असे तीन रंग. शेड जितकी गोरी, तितका पांढरा जास्त. आता या पांढऱ्या बारीक कणांचा पातळ थर गडद पृष्ठभागावर बसला की तो पांढरा न दिसता निळसर-करडा दिसतो. चुलीचा धूर गर्द झाडीसमोरून जाताना निळसर दिसतो किंवा पाणी घातलेले दूध काळ्या ओट्यावर सांडले की निळी झाक मारते, त्यातलाच हा प्रकार. अशा कणांकडून लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरला जातो. डोळ्यांखालचा भाग मुळात निळसर किंवा तपकिरी असतो, त्यावर ही निळी झाक चढली की राखेचा रंग तयार झालाच.

दुसरी गफलत डोळ्याची. फ्रान्समधील मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या प्रसिद्ध गोब्लाँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासात रंग चोख निघाला. काळ्याशेजारी विणलेल्या इतर रंगांमुळे तो फिका भासत होता. शेजारचे दोन रंग एकमेकांतला फरक वाढवून दाखवतात, हे त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले. गव्हाळ गालाच्या वर एकदम गोरा पट्टा ओढला की तो आहे त्याहून गोरा दिसतो आणि त्याच्या कडेला उरलेली काळी कड आहे त्याहून काळी.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपले वर्तुळ कोणत्या जातीचे आहे ते पाहणे बरे. सगळी काळी वर्तुळे सारखी नसतात. सकाळी खिडकीच्या उजेडात आरसा धरावा आणि खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच ताणावी. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावर तसाच राहत असेल, तर त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त आहे. भारतीय चेहऱ्यांवर हा प्रकार भरपूर दिसतो, आणि पुष्कळदा तो आईकडून किंवा बाबांकडून आलेला असतो. (त्यामुळे ‘झोप होत नाही का गं?’ हा लग्नाकार्यात हमखास ऐकू येणारा प्रश्न अनेकींवर विनाकारण अन्याय करतो.) ताणल्यावर जांभळी-निळी छटा आणखी ठळक झाली, तर पातळ त्वचेखालच्या रक्तवाहिन्या दिसत आहेत. शरीरावरची सर्वांत पातळ त्वचा पापण्यांचीच. तिसरा प्रकार निव्वळ सावलीचा. हनुवटी वर करून उजेड सरळ चेहऱ्यावर घेतला की वर्तुळ फिके पडते; तिथे रंग नसतोच, डोळ्याखाली पडलेल्या खोबणीची सावली असते. अनेकांच्या बाबतीत दोन किंवा तिन्ही गोष्टी एकत्र असतात.

निळ्या-जांभळ्या वर्तुळावर उपाय केशरी रंगाचा. केशरी रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून त्याचा अगदी पातळ थर खाली असला की वरच्या कन्सीलरला करडी झाक येत नाही. याच थराला करेक्टर म्हणतात. उजळ त्वचेला फिका पीच पुरतो, गव्हाळ रंगाला गडद पीच, सावळ्या आणि काळ्या त्वचेला चक्क केशरी किंवा विटकरीकडे झुकणारा. छटा मुख्यतः जांभळी असेल तर पिवळसर करेक्टर. तपकिरी वर्तुळालाही आपल्याकडच्या रंगांवर पीच-केशरीच साथ देतो. करेक्टर फक्त काळ्या भागावर, बोटाने थोपटून लावायचा, चोळायचा नाही. त्यावर कन्सीलर घ्यायचा तो गालाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा. उजळपणा हवाच असेल तर जास्तीत जास्त अर्धी शेड.

सावलीच्या वर्तुळाला मात्र हे गणित लागू नाही. खोबणीच्या तळाशी, फक्त त्या रेषेत, किंचित उजळ शेड लावली तर खोली कमी भासते. पण डोळ्याखाली फुगीर पिशवी असेल आणि उजळ रंग तिच्यावर लावला, तर ती आणखीच पुढे येते. खोबण फार खोल असेल तर रंगाने फार काही होत नाही, आणि थरावर थर चढवले की दिवसभराच्या उघडझापीत त्याला सुरकुत्यांच्या भेगा पडतात.

करेक्टर घरात नसेल तर केशरी लिपस्टिक लावण्याची युक्ती व्हिडिओंमध्ये सर्रास सांगितली जाते. रंगाच्या दृष्टीने ती बरोबर आहे, पण डोळ्यांच्या दृष्टीने नाही. ओठांसाठी चालणारे काही रंग डोळ्यांच्या भागासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेले नाहीत, शिवाय लिपस्टिकमधले सुगंधी पदार्थ या नाजूक त्वचेला झोंबू शकतात. खाज आली, डोळे चोळले, की त्या चोळण्याने त्वचा आणखी काळवंडते. झाकण्यासाठी केलेली गोष्ट अशी वर्तुळ वाढवून ठेवते. रात्री मेकअप खसाखसा पुसण्याचाही हाच परिणाम. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस डोळ्यावर थोडा वेळ नुसता ठेवला की रंग आपोआप सुटतो. खाली ओघळलेले काजळही तसेच काढावे; काही चेहऱ्यांवर तेवढ्यानेच निम्मे वर्तुळ नाहीसे होते.

मेकअपने काय झाकले जाते आहे, याकडेही लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले की चेहरा फिकटतो आणि वर्तुळे जास्त उठून दिसतात. जिना चढताना धाप, सतत थकवा, केस गळणे सोबत असेल तर कन्सीलरच्या आधी हिमोग्लोबिन तपासावे. ऋतू बदलला की डोळ्यांना खाज आणि शिंका असतील तर ॲलर्जीचा विचार करावा लागतो. एकाच डोळ्याखाली अचानक काळेपणा किंवा सूज आली तर डॉक्टरांकडे लगेच जावे.

खरी धास्ती आहे ती कन्सीलरला कंटाळून ‘कायमचा उपाय’ म्हणून आणल्या जाणाऱ्या मलमांची. गोरे करणारी म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस फरक दिसतो, मग त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या जास्तच दिसू लागतात. डोळ्यांजवळ दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. कुठल्याही लेबलाविना डबीत मिळणाऱ्या उजळ करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि पारा मूत्रपिंडावर घाला घालतो. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नसेल ती डबी घेऊच नये.

दुकानात शेड मनगटावर किंवा तळहाताच्या मागे लावून पाहिली जाते. त्या त्वचेचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही. गालाच्या वरच्या कडेला लावावी, तीही नव्या कापसाच्या काडीने. दहाजणींच्या डोळ्यांना लागलेला टेस्टर आपल्या डोळ्याला लावू नये. मग दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखालून बाहेर, रस्त्यावरच्या उजेडात येऊन आरशात पाहावे. लग्न असेल तर ट्रायलच्या दिवशी मैत्रिणीला मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढायला सांगावा. वरून लावलेल्या पावडरीतली सिलिका आणि कन्सीलरमधला पांढरा रंग फ्लॅशचा प्रकाश थेट कॅमेऱ्याकडे परतवतात, आणि डोळ्यांखाली पट्टे येणार असतील तर ते त्या फोटोतच दिसतात. तेव्हा चेहरा धुऊन शेड बदलायला वेळ हातात असतो.