नवशिक्यांसाठीं लिनक्स

तुकोबारायांची पालखी यवतला मुक्कामास आली म्हणजे वारकऱ्यांपुढें पिठलें-भाकरी येते. पीठ कोठून आलें, चूल कोणीं पेटविली, ही चौकशी त्यांना करावी लागत नाहीं. संगणकावर नवा प्रोग्रॅम घेणाऱ्यासहि अशीच सोय हवी.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्स लोकांपुढें ठेविलें. आरंभीं एक प्रोग्रॅम बसवावयाचा तर त्यास लागणारे दुसरे चार आपणच हुडकावे लागत. १९९९ सालीं डेबियनबरोबर ‘ॲप्ट’ हें साधन आलें. आतां नांव सांगितलें कीं सारें साहित्य भांडारांतून आपोआप येतें. सी-डॅकचें ‘बॉस’ लिनक्सहि याच डेबियनवर उभें आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. तेव्हां जुना पण धडधाकट संगणक मोडींत काढण्यापूर्वीं वाचकांनीं लिनक्सचा विचार अवश्य करावा. पथ्यें तीनच. प्रथम कागदपत्रें व छायाचित्रें दुसरीकडे उतरून ठेवावीं. उबुंटू घेतल्यास दर दोन वर्षांनीं निघणारी दीर्घ आधाराची आवृत्तीच निवडावी. आणि प्रोग्रॅम अधिकृत भांडारांतूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणचा प्रोग्रॅम पुढील आवृत्तीच्या वेळीं घासांतला खडा ठरतो.

इतकें सांभाळल्यास नवशिक्यानें भिण्याचें कारण नाहीं.