विद्युच्चुंबक आणि त्याचे क्षेत्र

होकायंत्रातील सूची उत्तर-दक्षिण दिशेत स्थिरावते, ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होय. चुंबकाभोवतालच्या ज्या प्रदेशात त्याचा प्रभाव जाणवतो, त्यास चुंबकीय क्षेत्र म्हणतात. ते डोळ्यांस दिसत नाही. परंतु चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस पसरला व कागदास हलकेच टिचकी मारली, तर किसाचे कण एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत जाणाऱ्या वक्र रेषांत मांडले जातात.

विद्युत् आणि चुंबकत्व यांचा परस्परांशी संबंध नाही, अशी पुष्कळ काळ समजूत होती. १८२० साली कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन अर्स्टेड यांना असे आढळले की, विद्युत्प्रवाह वाहणारी तार सूचीजवळ आणताच सूची बाजूस वळते, आणि प्रवाहाची दिशा उलटली की सूचीही उलट बाजूस वळते. म्हणजेच विद्युत्प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. सरळ तारेभोवती ते वर्तुळाकार असते, आणि तारेपासूनचे अंतर दुप्पट झाले की ते निम्मे होते.

एकट्या तारेचे क्षेत्र दुर्बळ असते. तीच तार गुंडाळून वेटोळे केले, तर प्रत्येक वेढ्याचे क्षेत्र आतल्या पोकळीत एकाच दिशेस येते व त्यांची बेरीज होते. पोकळीत लोखंडाचा गाभा बसविला, तर हे बळ अनेक पटींनी वाढते. लोखंडात अतिसूक्ष्म चुंबकीय विभाग असतात. पण त्यांच्या दिशा भिन्न असल्याने ते एकमेकांचा परिणाम नाहीसा करतात. वेटोळ्याचे क्षेत्र त्यांना एका दिशेस वळविते. सर्व विभाग वळल्यावर मात्र प्रवाह वाढवून फारसा लाभ होत नाही. तार तेवढी अधिक तापते. प्रवाह थांबताच नरम लोखंडाचे चुंबकत्व बहुतांशी जाते, तर कठीण पोलादाचे टिकते. म्हणून विद्युच्चुंबकास नरम लोखंडच योग्य.

इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ साली असा चुंबक लोकांपुढे मांडला. त्यांची तार उघडी असल्याने वेढे दूर दूर ठेवावे लागत. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी आवेष्टित तारेचे थरावर थर गुंडाळले, आणि १८३१ साली त्यांच्या चुंबकाने २,००० पौंडांहून अधिक भार उचलून धरला. प्रवाह तोडला की भार सुटतो. भंगार उचलणाऱ्या याऱ्या याच गुणावर चालतात. म्हणूनच अशा यारीखाली कोणी उभे राहू नये.

प्रवाहाचे क्षेत्र सर्वत्र इष्टच असते असे नाही. १०० अँपिअर प्रवाहाच्या सरळ तारेपासून एक मीटरवर ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ निम्मे भरते. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून भूचुंबकत्वाची मापने होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर ती मापने बिघडण्याचे भय उत्पन्न झाले. म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतींसाठी चुंबकीय गुण नसलेला दगड वापरण्यात आला, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. जुन्या व नव्या आकड्यांची सांगड त्यामुळेच घालता आली, आणि भूचुंबकत्वाची ती दीर्घ नोंदमाला अखंड राहिली.