पाय गेला तरी गुडघा वाचवा

मळणीयंत्रात पाय सापडतो, ट्रॅक्टरखाली येतो, नाहीतर साखरेच्या आजारात अंगठ्याची जखम चिघळत वर सरकते. घाटीत डॉक्टर पाय काढतात, जीव वाचतो. माणूस घरी आला की मंडळी म्हणतात, "आता काय राह्यलं? बाजेवर बसून दिवस काढायचे." खरं नुकसान इथून पुढं होतं.

पाय गुडघ्याखालून गेला असेल तर कृत्रिम पाय लावून माणूस पुन्हा बांधावर जाऊ शकतो. पण गुडघा सरळ राहिला पाहिजे. घरचे मायेनं गुडघ्याखाली उशी देतात, रुग्णही दिवसभर पाय मुडपून बसतो. काही आठवड्यांत गुडघा आखडतो, मग कितीही चांगला पाय आणा, नीट बसत नाही. म्हणून उशी नको. दिवसातून दोन-तीनदा पालथं निजावं, गुडघा ताठ करून धरावा. जखम भरत आली की डॉक्टर दाखवतील तसं क्रेप बँडेज बांधावं, टोकाला घट्ट आणि वर सैल. त्यानं सूज उतरते, पायाला आकार येतो.

शेतकऱ्याला जयपूर फूट मानवतो, याचं कारण आहे. विलायती पाऊल बुटासाठी घडवलेलं. आपला माणूस अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा, चिखलात उतरणारा. हे ओळखून डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपुरात १९६८ च्या सुमारास हे रबरी पाऊल घडवलं. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती ते मोफत बसवते.

शिबिरात पाय मिळाला, फोटो निघाला, आणि चार महिन्यांनी पाय माळ्यावर! असं का होतं? उरलेला भाग पहिल्या वर्षात बारीक होत जातो, खोबणी सैल पडते, कातडी सोलते. पाय टाकून देऊ नका, खोबणी बदलून घ्या. रोज रात्री कातडी बघा. लाली उतरत नसेल तर पाय घालू नका.

तलाठी, ग्रामसेवकांनीही लक्ष घालावं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघातात एक पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा असतो, आणि तेव्हा घरचे दवाखान्यात अडकलेले असतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, तोही कुणीतरी भरून द्यावा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी आहे. तो कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.