डोक्याला मार लागल्यावर निर्णय कोणाचा?

राज्यात अकोल्याचं नाव बॉक्सिंगसाठी घेतलं जातं. या खेळात डोक्यावरच्या ठोशाने लढत थांबवावी लागली, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्या खेळाडूला किमान ३० दिवस रिंगणाबाहेर राहावं लागतं. असं पुन्हा घडलं तर मुदत वाढत जाते. ‘मला बरं वाटतंय’ म्हटल्याने ती कमी होत नाही. त्याच अकोल्यात किंवा शेजारच्या अमरावतीत फुटबॉलच्या मैदानावर हेडर घेताना दोन पोरांची डोकी एकमेकांवर आदळली, तर बहुतेक स्थानिक सामन्यांत तोंडावर पाण्याचा हबका मारतात, ‘खेळशील ना?’ विचारतात आणि पोरगा हो म्हणतो. ठोसा मारणं हाच ज्या खेळाचा हेतू, तो खेळ मेंदूबाबत अधिक सावध आहे आणि फुटबॉल बेफिकीर, ही स्थिती बदलायला हवी. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. निर्णय खेळाडूच्या हातून काढून घ्यावा लागतो.

कारण मेंदूला हादरा बसतो तेव्हा, म्हणजे कन्कशन होतं तेव्हा, बाहेरून काही दिसेलच असं नाही. कवटीतला मेंदू झटक्याने हलतो, चेतातंतू ताणले जातात, पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. हा तोल सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा मंदावू शकतो. हा बिघाड कामकाजातला असल्याने सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. स्कॅन रक्तस्राव वा फ्रॅक्चर दाखवतो, हादरा नाही. शुद्ध हरपणं ही खूण मानावी, तर दहातल्या नऊंहून अधिक हादऱ्यांत शुद्ध जातच नाही. २०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रेमर डोक्याला मार लागूनही खेळत राहिला आणि थोड्या वेळाने त्याने पंचांनाच विचारलं, हा अंतिम सामना आहे का? जगातला सर्वात मोठा सामना, बाजूला डॉक्टरांचा ताफा, तरी तो ३१व्या मिनिटापर्यंत मैदानात होता. स्वतःची अवस्था ओळखायची ती मेंदूनेच, आणि इजा झाली आहे तीही त्यालाच. मग खेळाडूच्या होकाराला अर्थ किती?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: तालुक्याच्या सामन्याला डॉक्टर आणायचा कुठून? पण डॉक्टर नसणं हे तर खेळाडूला बाहेर काढण्याचं अधिक बळकट कारण आहे. निदान नंतर होऊ शकतं, मैदानावर फक्त शंका पुरेशी. गंभीर जखमी खेळाडूसाठी खेळ थांबवून त्याला बाहेर पाठवण्याचा अधिकार फुटबॉलच्या नियमांत पंचाला आहेच. दुसरा आक्षेप संघाच्या नुकसानीचा, आणि तो खोटा नाही. त्यावरचा उपाय मात्र नियमपुस्तकात आलेला आहे: नेहमीच्या बदली खेळाडूंच्या संख्येत न धरता कन्कशनसाठी जादा, कायमचा बदल. २०२१पासून त्याच्या चाचण्या झाल्या आणि २०२४-२५पासून स्पर्धा आयोजकांना तो स्वीकारता येतो. कोणी खोटंच डोकं धरून बसेल, ही भीतीही फारशी टिकत नाही, कारण बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही. आणि एखादा धडधाकट पोरगा उगीच बाहेर बसला तर गेला एक सामना. उलट चूक झाली तर काय होतं, हे २०११मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये दिसलं. १४ वर्षांचा बेंजामिन रॉबिन्सन शाळेच्या रग्बी सामन्यात मार लागूनही खेळत राहिला आणि दोन दिवसांनी गेला. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसणं असं त्याच्या मृत्यूचं कारण नोंदलं गेलं. असं क्वचित घडतं, पण घडतं ते मुख्यतः कोवळ्या वयात, आणि आपल्या स्थानिक मैदानांवर खेळतात ती याच वयाची मुलं.

परतीचा मार्गही ठरलेला आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. मग चालणं, हलका व्यायाम, एकट्याने सराव, आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच अंगाला अंग भिडणारा खेळ. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. लक्षणं वाढली तर एक पायरी मागे. ब्रिटनने २०२३मध्ये हौशी खेळांसाठी सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवसांची अट घातली. डॉक्टर सहज न मिळणाऱ्या आपल्या भागाला हाच आकडा सोयीचा वाटतो. शाळकरी पोराने आधी वर्गात नीट बसता, वाचता येतं हे दाखवावं, मैदान त्यानंतर.

हे रुजवायला अमरावतीइतकी योग्य जागा नाही. १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवतं. मैदानाच्या कडेला उभी असते ती हीच माणसं. कबड्डीतल्या पकडीत डोकी आपटतात तेव्हाही त्यांच्याच शब्दाला वजन असतं. त्यांनी घरच्यांना एक गोष्ट न चुकता सांगावी: पहिल्या रात्री मुलाला एकटं सोडू नका. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, बरळणं किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. १९९८मध्ये ढाक्यात डोक्याला चेंडू लागलेले क्रिकेटपटू रमण लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले होते. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.